सुईचा हिशेब

आमच्या आबाजींचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. खामगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या दहाबारा खेड्यांत लग्न निघालं, की ते आदल्या दिवशी बैलगाडीत सामान भरून निघायचे. दोन भोंगे, त्यांची युनिटं, मशीन, माईक, मोटारीची बॅटरी, रेकॉर्ड प्लेयर आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. धंद्यातले लोक त्याला मशीनच म्हणतात. भोंगा कडुनिंबाच्या उंच फांदीवर बांधायचा, म्हणजे शेजारच्या गावालाही कळायचं की इथे लग्न आहे. माझा जन्म १९९७चा. तोवर कॅसेटनं रेकॉर्डचा धंदा बसवला होता आणि ती पेटी आबाजींच्या बाजेखाली गेली होती.

त्या पेटीत रेकॉर्डसोबत एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तशी. तिच्यात फक्त सुईचा हिशेब आहे. नवी सुई लावली की तारीख, आणि पुढे प्रत्येक लग्नाला एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. ठरलेल्या रेघा भरल्या की सुई फेकायची. "अजून चालली असती" असं वाटलं तरी फेकायची.

ही वही मला नीट वाचता आली ती एक रेकॉर्ड माझ्या हातून खराब झाल्यावर. म्हणून हा लेख.

पन्नास हजारांचं गणित

शेगावला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात हिंजवडीत नोकरी लागली. दुसऱ्या वर्षीचा बोनस हातात आला तेव्हा ठरवलं, रेकॉर्ड ऐकायची सिस्टीम करायची. बजेट पन्नास हजार. आता प्रश्न असा, की हे पन्नास हजार वाटायचे कसे? टर्नटेबल, त्याची सुई आणि काट्रिज, फोनो प्रीअ‍ॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, केबल. सगळ्यांत सारखे वाटले तर सगळंच अर्धवट होतं. कुठेतरी जास्त आणि कुठेतरी कमी द्यावंच लागतं. जगभर या छंदातले लोक पन्नास वर्षं याच प्रश्नावर भांडतायत.

मी तीस हजारांचे स्पीकर घेतले, पंधरा हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, आणि उरलेल्या पाच हजारांत एक सूटकेससारखा बंद होणारा प्लेयर घेतला. तिन्ही गती होत्या त्यात: ३३⅓, ४५ आणि ७८. दिसायलाही झकास. फोटोत तर फारच.

मग चार महिने दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन मी मिळतील त्या लाखेच्या तबकड्या आणत होतो आणि त्याच प्लेयरवर, त्याच सुईनं वाजवत होतो. खरखर यायची. मला वाटायचं, जुन्या आहेत, येणारच. खरखरीलाही आपण हल्ली सौंदर्य समजतो.

दिवाळीत सगळं सामान गाडीत घालून गावी नेलं. आबाजींनी स्पीकरवरून हात फिरवला. विचारलं, "केवढ्याले पडलं?" मी आकडा सांगितला. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अन् सुई? सुई केवढ्याची हाय?"

मला माहीत नव्हतं. सुई प्लेयरसोबत आली होती.

घरची आणि धंद्याची

आबाजी काही गाण्यांच्या दोन-दोन रेकॉर्ड घ्यायचे. एक धंद्याची, एक घरची. धंद्याची लग्नात फिरायची. धुळीत, तांदळाच्या अक्षतांत, पोरासोरांच्या हातात. घरची वर्षातून दोनचारदा निघायची. त्यात एक सात इंची, ४५ गतीची ईपी होती. तिच्यावर मुलीच्या पाठवणीचं एक गाणं आहे. लेबल वाळवीनं खाल्लेलं, गाणारीच्या नावाची दोनच अक्षरं उरलेली. आबाजी हे गाणं प्रत्येक लग्नात शेवटी लावायचे. माझ्या आत्याच्या लग्नात त्यांनी ते लावलं आणि मशीनपाशी बसून राहिले, मांडवात आलेच नाहीत, असं आजी सांगायची.

मी घरची प्रत लावली. एकदा आबाजींसाठी, दुसऱ्यांदा फोनवर व्हिडिओ करायला, तिसऱ्यांदा व्हिडिओ नीट आला नाही म्हणून. तिसऱ्या वेळी माझ्याही लक्षात आलं, की प्रत्येक 'स' आणि 'श' फाटतोय. पत्र्यावर खडा ओढावा तसा. आबाजींच्या ते पहिल्यांदाच लक्षात आलं होतं. तेव्हा बोलले नाहीत, कारण मी खुशीत होतो. आता उठले, रेकॉर्ड पाकिटात घातली आणि म्हणाले, "हे आता ठेवून दे."

पुण्याला परत आल्यावर मोबाईलला लेन्स लावून सुईचं टोक पाहिलं. ते गोल नव्हतं. दोन बाजूंनी घासून त्याला धार आली होती. मी एका छिन्नीनं तीन वेळा ती ईपी कोरली होती.

झालं होतं ते असं. लाखेच्या ७८ गतीच्या तबकडीत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते. त्या काळच्या पोलादी सुईनं खाचेला बसेल असं झिजावं, हाच त्यामागचा हेतू. म्हणून पोलादी सुई एका बाजूनंतर बदलायची असा नियम होता. शिवाय त्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं. एलपी आणि ईपीची खाच अरुंद, तिला सुमारे १८ मायक्रॉनचं टोक. माझ्या प्लेयरला गती तिन्ही होत्या, सुई मात्र एकच, बारीकवाली. ती लाखेच्या रुंद खाचेत तळाला जाऊन चार महिने दगडावर घासत होती. ज्याला मी जुन्या तबकड्यांची खरखर समजत होतो, त्यातली बरीच माझी सुई खाचेच्या तळाशी घासल्याची होती. आणि घासून धार आलेली तीच सुई मी सरळ आबाजींच्या घरच्या प्रतीवर ठेवली.

दोन घराणी

सिस्टीम बांधताना आधी काय, या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उत्तरं आहेत. गायकीसारखी त्यांची घराणी पडलेली आहेत, म्हणून घराणीच म्हणतो.

पहिलं घराणं स्पीकरवाल्यांचं. त्यांचा युक्तिवाद मोजमापाचा आहे. दोन बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक कानाला जेमतेम कळतो; दोन स्पीकरमधला फरक शेजाऱ्यालाही कळतो. विजेच्या सिग्नलचं हवेतल्या हालचालीत रूपांतर करणं हे साखळीतलं सगळ्यात अवघड काम, तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून पैसा तिथे घाला. आणि स्पीकर ज्या खोलीत आहे ती खोली हाही स्पीकरचाच भाग माना. हे सगळं खरं आहे. मी याच घराण्याचा गंडा बांधला होता.

दुसरं घराणं उगमवाल्यांचं. १९७०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या लिन कंपनीनं आणि तिच्या आयव्हर टायफेनब्रननं ते नावारूपाला आणलं. लिनचं सोंडेक एलपी१२ हे टर्नटेबल आजही बनतं. त्यांचं म्हणणं साधं आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खाचेतली जी माहिती टर्नटेबलनं उचललीच नाही, ती पुढे कितीही महागडा स्पीकर लावला तरी परत येत नाही. म्हणून आधी टर्नटेबल, मग टोनआर्म, मग काट्रिज, मग अ‍ॅम्प्लिफायर आणि सगळ्यात शेवटी स्पीकर. तेव्हा सगळे स्पीकर स्पीकर करत असताना हे म्हणायला धाडस लागलं असणार. लिनचा आग्रह असा, की उत्तम टर्नटेबलवर साधं काट्रिज हे साध्या टर्नटेबलवरच्या उत्तम काट्रिजपेक्षा चांगलं वाजतं.

सॉफ्टवेअरवाल्याला हे दुसरं घराणं लगेच पटतं. डेटा वरच हरवला तर खाली काय प्रोसेस करणार? पण मी ईपीची ती खाच पाहिल्यावर मला दोन्ही घराण्यांत एक समान गृहीतक दिसायला लागलं. दोघंही असं धरून चालतात, की रेकॉर्ड ही जागची जागी राहणारी वस्तू आहे. ती तिथे आहे, आपण तिच्यातून आवाज काढायचा, बास. वाद फक्त कुठे किती गळती होते याचा.

आमच्या भाषेत सांगायचं तर दोघंही रेकॉर्डला रीड-ओन्ली समजतात. ती तशी नाही. रेकॉर्ड वाचणं हे प्रत्येक वेळी थोडं लिहिणंही असतं. हिऱ्याचं टोक मऊ प्लास्टिकच्या भिंतींना दाबत, घासत जातं. टोक गोल असेल, वजन बरोबर असेल, खाच स्वच्छ असेल तर हे लिहिणं इतकं सूक्ष्म की शेकडो वेळा ऐकूनही कळणार नाही. टोक झिजलेलं असेल तर तीन वेळा पुरतात. आडाचीच उपमा चालवायची तर, पोहराच आडाची भिंत खरवडत असेल तर काय? त्यावर दोन्ही घराण्यांकडे उत्तर नाही, कारण त्यांनी तो प्रश्नच घेतलेला नाही.

म्हणून मला वाटतं, प्राधान्यक्रम ठरवायची कसोटी "कशानं आवाजात जास्त फरक पडतो" ही नसावी. कसोटी ही असावी: कुठली चूक परत दुरुस्त करता येत नाही? वाईट स्पीकर घेतला, पुढच्या वर्षी बदलता येतो. वाईट अ‍ॅम्प्लिफायर घेतला, विकता येतो. तोवर रेकॉर्डचं काही बिघडत नाही. ती पाकिटात तुमची वाट पाहत असते. झिजलेली सुई बदलाल, पण तिनं कोरलेलं बदलता येत नाही. हे एकच टोक असं आहे जिथे तुमची सिस्टीम रेकॉर्डला शिवते. पुढचं सगळं नुसतं तुमच्या कानांचं सुख आहे.

लिनवाल्यांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो. साधं काट्रिज चालेल असं ते म्हणतात, ते बरोबरच आहे. पण साधी सुई आणि झिजलेली सुई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त सुई चालेल. जुनी चालणार नाही. बाजारात 'दर्जा' या एका शब्दाखाली आपण या दोन्ही गोष्टी घालतो, आणि मग महागडी सुई घेऊन ती सहा वर्षं बदलत नाही.

कोणाच्या रेकॉर्ड?

एवढ्यावर कुणी म्हणेल, रेकॉर्ड खराब झाली तर दुसरी घ्या. बरोबर आहे, ज्यांना दुसरी मिळते त्यांनी घ्यावी. आणि इथेच मला वाटतं, की हा प्राधान्यक्रम तुम्ही कुठल्या भाषेतलं संगीत ऐकता यावर ठरतो.

बीटल्सची एलपी खराब झाली तर नवी छापलेली मिळते. आपल्याकडेही काही कामं अशी आहेत. आकाशवाणी पुण्यावरून १९५५-५६मध्ये वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेलं गदिमा आणि सुधीर फडक्यांचं 'गीतरामायण', किंवा शिवराज्याभिषेकाच्या तीनशेव्या वर्षी, १९७४ला आलेली लता आणि हृदयनाथ मंगेशकरांची 'शिवकल्याण राजा'. ही रेकॉर्डवर होती, कॅसेटवर आली, सीडीवर आली, आता फोनवर आहे. त्यांची तुमच्याकडची प्रत झिजली तर हळहळ वाटेल, पण गाणं जाणार नाही. एवढंच ऐकायचं असेल तर खुशाल आधी स्पीकर घ्या. मी अडवणार नाही.

पण मराठी ध्वनिमुद्रणांचा इतिहास फक्त अशा कामांचा नाही. भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण १९०२ला कोलकात्यात फ्रेड गैसबर्गनं केलं. गौहर जान गायली आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं म्हणाली, कारण साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथल्या कामगारांना कुठली तबकडी कोणाची हे कळायला हवं होतं. १९०८ला कोलकात्यातच कारखाना निघाला. तिथून पुढे सात-आठ दशकं संगीत नाटकांची पदं, लावण्या, पोवाडे, कीर्तनं, भजनं, भावगीतं, नकला, विनोदी संवाद असं सगळं तबकडीवर आलं. त्यातलं जे खपलं ते पुन्हा पुन्हा निघालं. जे खपलं नाही ते एकदाच निघालं, आणि आज ते कुठे असेल तर कुणाच्या बाजेखाली, माळ्यावर, मुंबईच्या चोरबाजारात किंवा संग्राहकांच्या कपाटात. मुंबईत १९९०ला 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' उभी राहिली ती अशाच लोकांची. आपल्या संगीताच्या इतिहासाचा मोठा भाग सरकारी दप्तरात नसून हौशी लोकांच्या घरी आहे.

आणि जे मुद्रितच झालं नाही त्याचं काय होतं हेही आपल्याला माहीत आहे. भास्करबुवा बखले १९२२ला गेले. अल्लादिया खाँसाहेब १९४६ला गेले. एवढ्या मोठ्या गवयांचा आवाज आपल्याकडे नाही. त्यांच्याविषयी आपण वाचतो, त्यांच्या शिष्यांचं ऐकतो आणि अंदाज करतो. ज्या गाणाऱ्यांचं थोडंतरी उरलंय, त्यांच्या बाबतीत उरलेली प्रत झिजवणं म्हणजे त्यांना या यादीत ढकलणं.

म्हणजे इंग्रजी लेख वाचून आपण जो प्राधान्यक्रम उचलतो तो अशा समाजाचा आहे जिथे रेकॉर्ड पुन्हा छापली जाते. आपण तो तसाच उचलला की आपल्याकडे त्याचा अर्थ बदलतो. माझी चूक तांत्रिक होतीच. पण तिच्या मुळाशी ही समजूत होती, की रेकॉर्ड म्हणजे विकत मिळणारी वस्तू आणि सिस्टीम म्हणजे माझी. उलट होतं. सिस्टीम विकत मिळणारी होती.

नासाची यादी

हा प्रश्न एकदा फार वेगळ्या लोकांना सोडवावा लागला होता. १९७७ला नासानं व्हॉयेजर १ आणि २ ही दोन यानं सोडली तेव्हा प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली. पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत. त्यात आपली केसरबाई केरकर आहे, भैरवीतली साडेतीन मिनिटांची चीज. गोव्यातल्या केरी गावची, अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या. व्हॉयेजर १ निघाल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला ती गेली. ज्या गुरूचा आवाज आपल्यापाशी नाही, त्याची तालीम आता सूर्यमालेच्या पलीकडे जातेय.

आता बघा, यानावर एकेका ग्रॅमचा हिशेब असतो. तबकडी ऐकायला काय काय लागतं त्यातलं त्यांनी काय पाठवलं? सुई आणि काट्रिज. आणि झाकणावर चित्रांतून दोन सूचना: सुई कुठून सुरू करायची, आणि एक फेरा किती वेळात व्हायला हवा. तबकडी १६⅔ गतीची, म्हणजे ३.६ सेकंदांना एक फेरा. टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर काही पाठवलं नाही. ते ज्याला सापडेल त्यानं आपलं आपण बनवावं.

म्हणजे आधी बरोबर सुई, मग बरोबर गती, बाकीचं मागाहून.

गतीचं महत्त्व आपल्या संगीतात जरा जास्तच आहे, कारण आपलं सगळं षड्जावर उभं आहे. गती साधारण सहा टक्क्यांनी चुकली की स्वर एका पट्टीनं सरकतो. अमेरिकेतून आणलेलं, ६० हर्ट्झच्या विजेवर चालणारं जुनं टर्नटेबल आपल्या ५० हर्ट्झवर तसंच लावलं तर ते पाच-षष्ठांश गतीनं फिरतं, आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये गाऊ लागते. आवाज जाड, लय मंद, माणूसच वेगळा. आणि सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या '७८'च्या तबकड्या नेमक्या ७८लाच कोरलेल्या नाहीत. त्यामुळे गती थोडी वरखाली करता येणं ही त्या ऐकताना चैन नसते. ती ऐकण्याची अट असते. केसरबाईचा आवाज घनगंभीर होता असं आपण म्हणतो. चुकीच्या गतीवर ते विधान गाण्याबद्दलचं राहत नाही, मोटारीबद्दलचं होतं. तबकडीवरून गायकाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकानं आधी गती तपासावी असं मला वाटतं.

माझी यादी

तर आता मी ज्या क्रमानं पैसे घालतो तो सांगतो. कमी पैशांत, वऱ्हाडातल्या हवेत.

पहिली गोष्ट, स्वच्छता. आमच्याकडे कापसाच्या दिवसांत जिनिंगची तूस हवेत असते, आणि उन्हाळ्यात धूळ. सुईखाली आलेला धुळीचा कण म्हणजे छोटा दगडच. ब्रश हवाच. आणि रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या. आडव्या थप्पीत आणि बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली त्या वाकतात.

दुसरी, सुई. एलपीची वेगळी, ७८ची वेगळी. म्हणजे सुई काढून बदलता येईल असं काट्रिज घ्यायचं. कंपनी सांगेल त्या वजनावर लावायची. वजन मोजायचा छोटा काटा काही शे रुपयांत मिळतो. वजन कमी ठेवलं की रेकॉर्डला बरं, असं नसतं. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंतींवर आपटते. कृत्रिम नीलमण्याची सुई काही डझन तासच टिकते. हिऱ्याची नीट वापरली तर पाचशे ते हजार तास. तास मोजायचेच.

तिसरी, असं टर्नटेबल ज्याला वजन आणि गती नीट लावता येते. रंगरूप नंतर.

चौथी, फोनो प्रीअ‍ॅम्प. एलपी कोरताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात, आणि ऐकताना ते उलटं करावं लागतं. १९५४ला ठरलेलं हे गणित जुन्या ७८ला लागू नाही, त्यांचं प्रत्येक कंपनीचं वेगळं होतं. मी लाखेच्या तबकड्या सरळ संगणकात घेतो आणि हे गणित तिथे करतो. त्यात चूक झाली तरी फाईल दुसऱ्यांदा दुरुस्त करता येते.

त्यानंतर खोली आणि स्पीकर, मग अ‍ॅम्प्लिफायर. शेवटी केबल, त्याही साध्याच.

मला कुणी विचारतं, एवढंच असेल तर डिजिटल करून टाक आणि रेकॉर्ड बंद करून ठेव ना? करतोच. पण डिजिटल करतानाही ती एकदा वाजवावीच लागते, आणि ते एकदाचं वाजवणं बरोबर सुईनं झालं पाहिजे. पुढच्या सगळ्या प्रती त्या एका वाजवण्याच्या प्रती असतात.

धंद्याची प्रत

आबाजींकडे लग्नात फिरलेली प्रत होती, तिचा विचार मला उशिरा सुचला. ती मी ऐकलीच नव्हती. तिच्याकडे बघूनच वाटायचं, हिच्यात काय उरलं असणार. पण त्यांच्या वहीच्या रेघा मोजताना लक्षात आलं, की या माणसानं जगातल्या सगळ्यात वाईट स्पीकरवर, झाडाला टांगलेल्या पत्र्याच्या भोंग्यावर, सगळ्यात चांगल्या शिस्तीनं रेकॉर्ड वाजवल्यात. त्यांच्याकडे पैसे मोजकेच होते. त्यातले त्यांनी दर मोसमात सुईला दिले, भोंगा पोचे पडलेलाच ठेवला. पाहुण्यांना भोंगा दिसतो, सुई दिसत नाही. तरीही.

लग्नांतली ती सुई गोल टोकाची आणि जड. ती खाचेच्या भिंतींना एका ठरावीक उंचीवर घासत गेलेली. लंबगोल टोकाची सुई भिंतींना जरा वेगळ्या ठिकाणी शिवते, आणि तिथली भिंत कधीकधी शाबूत असते. मी नवी लंबगोल सुई घेतली. मागच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड दोनदा धुतली, वाळवली, वजन तपासलं आणि लावली. एकदाच.

चरचर होती, दोन ठिकाणी सुई उडाली. पण आवाज होता. मधे एका कडव्यात बारीक दाणेदार टिकटिक येत होती. तांदळानं पडलेले चरे असतील. 'स' फाटत नव्हता.

आबाजींना आता उजव्या कानानं ऐकू येत नाही. डावा कान पुढे करून ते बाजेवर बसले होते. स्पीकर मी मुद्दाम छोटे आणले होते, चार हजारांचे. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. गाणं संपलं, टोनआर्म मी उचलला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, आत्याबद्दल किंवा आजीबद्दल.

म्हणाले, "हे सुई किती वाजली?"

म्हटलं, "पहिलीच वेळ, आबाजी."

त्यांनी उशाखालून वही काढली, माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "मंग तारीख टाक. अन् रेघ मार."